मावशींचा खडा

मावशींचा अश्दोदहून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "अगं, तू आता रिटायर झालीस ना? मग माझं एक काम कर. अलिबागजवळच्या नवगावला जाऊन ये आणि तिथल्या कबरींवर माझ्या नावाने एक खडा ठेव, आमच्यात ठेवतात तसा. माझे गुडघे आता विमानात बसायच्या लायकीचे राहिले नाहीत."

मावशी सख्ख्या नव्हेत, चाळीतल्या. ठाण्याला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं बिऱ्हाड होतं. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे प्रार्थनेची डबी, शुक्रवारी तिन्हीसांजेला दिवा, आणि आडनाव आमच्यासारखंच गावाला 'कर' जोडून केलेलं. आईला त्या ढीगभर कोळंबी सोलून द्यायच्या, पण स्वतः एकही तोंडात घालायच्या नाहीत. खवले नसलेलं, पंख नसलेलं पाण्यातलं काही त्यांना चालत नाही. सत्तरच्या दशकात त्या इस्रायलला गेल्या. मराठी मात्र इथून नेली तीच अजून वापरतात. आपण तिचं काय केलंय ते त्यांना न कळलेलंच बरं.

खडा कुठला न्यायचा ते त्यांनी सांगितलं नाही. मीच ठरवलं, चाळीतला. आता तिथे टॉवर उभा राहतोय. गेटवर वॉचमनने विचारलं, "किसको मिलना है?" जन्म झाला त्या जागेवर उभं राहून कोणाचं नाव सांगायचं? शेवटी खडीच्या ढिगातला एक काळा खडा मागून घेतला आणि रुमालात बांधला. म्हातारी खुळी आहे असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

बुधवार

पस्तीस वर्षं लायब्ररीत काढली. त्यामुळे कुठे जायचं तर आधी वाचायचं, ही खोड जात नाही. सरळ अलिबागला न जाता आधी मशीद बंदरला उतरले. रोज लाखो लोक या स्टेशनाचं नाव घेतात आणि जवळच्या एखाद्या मशिदीवरून पडलं असेल असं समजतात. पण बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनास्थळालाही मशीदच म्हणत, आणि स्टेशनाचं नाव त्यांच्या 'जुन्या मशिदी'वरून पडलं असं सांगतात. ती ही सॅम्युअल स्ट्रीटवरची, 1796 साली बांधलेली. खरं नाव शाआर हाराहामीम, म्हणजे दयेचं दार. बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर. ते इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेत सापडले. तिथे टिपूच्या आईने रदबदली केली: बेने इस्रायल म्हणजे कुराणात ज्यांचं नाव येतं ते लोक, त्यांना मारू नका. जीव वाचला, म्हणून सुटून आल्यावर देऊळ बांधलं, अशी त्या समाजात सांगितली जाणारी हकीकत आहे. परक्या बाईच्या दयेवर उभं राहिलेलं दयेचं दार.

गल्लीत मसाल्यांचा आणि ताडपत्र्यांचा वास, हातगाड्यांची चेंगराचेंगर. डोक्यावर पोतं घेतलेला एक माणूस "बाजूला, बाजूला" करत अंगावरून गेला. दार बाहेरूनच पाहिलं.

दुपारी दक्षिण मुंबईतल्या दुसऱ्या एका सिनेगॉगपाशी गेले. कुठलं ते सांगत नाही. आत सोडलं नाही. आधी कळवायला हवं होतं, ओळखपत्राची झेरॉक्स हवी होती. माझ्याकडे ओळखपत्र होतं, झेरॉक्स नव्हती. मी रागावले, खोटं कशाला बोलू? सकाळीच ट्रेनमध्ये बायबलमधली अब्राहामाची गोष्ट वाचली होती. मम्रेच्या झाडांखाली, ऐन दुपारच्या उन्हात, तो तंबूच्या दाराशी बसलाय. तीन अनोळखी माणसं दिसतात आणि हा शंभरीला टेकलेला माणूस उठून त्यांच्याकडे धावत जातो. त्याचा तंबू चारी बाजूंनी उघडा असे, कुठल्याही दिशेने येणाऱ्याला दार शोधत फिरावं लागू नये म्हणून, असंही परंपरेत सांगतात. आणि इथे बॅरिकेड, वाळूची पोती, रजिस्टर.

बंदोबस्तावरच्या पोलिसाने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. "काकू, उन्हात नका उभ्या राहू. बसा दोन मिनिटं." बाटलीतलं पाणी दिलं. कोल्हापूरकडचा होता. आत काय आहे ते त्यानेही कधी पाहिलं नव्हतं.

रात्री मावशींना व्हॉइस मेसेज टाकून सगळी तक्रार केली. उत्तर आलं: "उद्या कुलाब्याला जातेस ना? मग नरिमन हाऊस बाहेरून बघ, आणि मग रागाव."

गुरुवार

कुलाब्याच्या त्या अरुंद गल्लीत इमारत सहज सापडते असं नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री इथे अतिरेकी घुसले. तरुण राबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग, त्यांची बायको रिव्का आणि चार पाहुणे, अशी सहा माणसं मारली गेली. हे घर होतंच मुळी पाहुण्यांसाठी. मुंबईत आलेल्या कोणाही ज्यू प्रवाशाने यावं, शुक्रवारी जेवावं, म्हणून चालवलेलं. दार उघडं ठेवणाऱ्या घराची ही गत झाल्यावर बाकीच्यांनी झेरॉक्स मागितली, तर मी कोण रागावणार?

त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे वाचला, तो त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल यांच्यामुळे. त्या ख्रिस्ती. खालच्या मजल्यावर लपल्या होत्या. पोराचा आवाज ऐकला, वर गेल्या, आईबापांच्या देहांजवळून त्याला उचललं आणि बाहेर पळाल्या. पुढे त्याच्यासोबत इस्रायललाही गेल्या. 2010 मध्ये त्या देशाने त्यांना मानद नागरिकत्व दिलं. 2018 साली मोशे मुंबईत आला होता, ते टीव्हीवर पाहिल्याचं आठवतं.

गेटवेवरून मांडव्याची लाँच धरली. तासाभराचा प्रवास. सीगल पक्षी मागे लागतात आणि लोक त्यांना कुरकुरे घालतात. हे आतिथ्य मला काही पटत नाही, पण पक्ष्यांना पटतं. लाँचच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते. संध्याकाळी खोलीवर पोचले तेव्हा मावशींचा मेसेज येऊन पडला होता, चांगला सात मिनिटांचा.

त्यातलं त्यांच्या शब्दांत देते: "तोरामध्ये, आमच्या मूळ धर्मग्रंथात, परक्याला छळू नका हे किती वेळा सांगितलंय? तलमूदमध्ये, म्हणजे पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, आमचे एलिएझर राबाय म्हणतात, छत्तीस वेळा. कोणी म्हणतं शेहेचाळीस. डुकराचं मांस खाऊ नका हे सांगायला इतक्या वेळा लागलं नाही गं! कारण ते सोपं आहे. परका हे अवघड काम. आणि कारण काय दिलंय बघ. दया करा, पुण्य लागेल, असं नाही. 'परक्याचा जीव कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता.' ठाऊक आहे म्हणून. बस."

निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात ते वाक्य आहे. मी जुनं मराठी बायबल काढून ताडून पाहिलं, सवयीने. लेवीयच्या एकोणिसाव्यात तर त्याच्यावर स्वतःसारखं प्रेम करा असंच सांगितलंय, आणि कारण पुन्हा तेच, मिसरातलं, म्हणजे इजिप्तमधलं. चारशे वर्षांच्या गुलामीची आठवण लोक बहुधा सूड घ्यायला वापरतात. इथे ती वापरलीय दाराची कडी काढायला.

शुक्रवार

अलिबागची इस्रायल आळी शोधायला कोणाला विचारावं लागलं नाही, पाटीच आहे. मागेन आबोत हे सिनेगॉग 1848 सालचं, पुढे पुन्हा बांधलेलं. इथे आदल्या दिवशी फोन केला होता, ओळखपत्राची झेरॉक्स तर तीन प्रती. चपला काढून, डोक्यावरून पदर घेऊन आत गेले. मधोमध तेवा, म्हणजे जिथून प्रार्थना म्हणतात तो लाकडी कठड्याचा चौथरा. छताला टांगलेले काचेचे दिवे. एका बाजूला खुर्ची रिकामी ठेवलेली, एलीया हन्नाबीची. पोराची सुंता होते तेव्हा एलीया संदेष्टा हजर असतो, त्याच्यासाठी.

दिवाबत्ती बघणाऱ्या गृहस्थांशी बोलत बसले. आता आळीत ज्यू घरं बोटांवर मोजण्याइतकी. सणांची नावं मात्र त्यांनी मला मराठीतली ऐकवली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. आब महिन्याच्या नऊ तारखेला, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवशी, डाळिंब्यांचं बिरडं. शोक सुद्धा कोकणी ताटात वाढलेला.

वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री जे पुस्तक वाचतात ती हगादा. तिचं मराठी भाषांतर 1874 साली पुण्यात छापलं गेलं. त्याच्या पहिल्या पानाचं चित्र मी पूर्वी लायब्ररीत असताना एका ग्रंथात पाहिलं होतं: साडी नेसलेल्या बायका सणाच्या बेखमीर रोट्या करताहेत. त्या रात्रीच्या कथेची सुरुवात ज्या ओळींनी होते त्या हिब्रूत नाहीत, अरामीत आहेत. अरामी म्हणजे तेव्हाची बाजारातली, सगळ्यांना समजणारी बोली. "जो कोणी भुकेला असेल त्याने यावं, जेवावं." आमंत्रण देवाच्या भाषेत देऊन काय उपयोग? भुकेल्याला कळायला हवं.

"आणि येतं का कोणी?" मी विचारलं.

ते हसले. "आमच्या लहानपणी शेजारचे भंडारी यायचे, मुसलमान यायचे. आमंत्रण कशाला लागतंय, वासावर यायचे."

तिथून रिक्षा करून खंडाळ्याला गेले. घाटातलं खंडाळा नव्हे, अलिबागजवळचं. तिथे एका कातळावर खुणा आहेत. एलीया हन्नाबी इथून अग्नीच्या रथातून स्वर्गाला गेला, त्या रथाच्या आणि घोड्यांच्या खुणा, अशी बेने इस्रायलांची श्रद्धा. नवस फेडायला इस्रायलहूनही लोक येतात. मी गेले तेव्हा ठाण्याचंच एक कुटुंब मलिदा करत होतं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी, मध्ये गुलाब. हिब्रू प्रार्थना, मध्येच मराठी गाणं. माझ्या ओंजळीत प्रसाद पडला तेव्हा कोणीही विचारलं नाही की तुम्ही कोण. एलीया वेष पालटून भिकाऱ्याच्या, वाटसरूच्या रूपात हिंडतो अशा पुष्कळ कथा आहेत, त्यामुळे विचारणं तसं धोक्याचंच म्हणा. अर्थात माझ्याकडे पाहून तशी शंका कोणाला आली असेल असं वाटत नाही.

शनिवार

काही केलं नाही. मावशींचा फोन बंद. खोलीच्या व्हरांड्यात बसून वाचलं.

वाचलं ते सगळं गोड नव्हतं. शास्त्रात 'गेर' शब्द आहे, परका, उपरा. पुढच्या पंडितांनी त्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी 'धर्मांतर करून आपल्यात आलेला' असा घेतला. म्हणजे छत्तीस वेळा सांगितलेली आज्ञा एका झटक्यात घराच्या आत ओढून घेता येते. घेतलीही गेली. बगदादी ज्यू मुंबईत आले, पैसेवाले झाले, आणि बेने इस्रायलांना आपल्या बरोबरीचं मानेनात. दफनभूमीत मध्ये भिंत हवी म्हणाले. बेने इस्रायलांनी तरी काय केलं? त्यांच्यातच गोरे आणि काळे असा भेद होता. आई दुसऱ्या समाजातली असेल तर ती संतती काळी, त्यांच्याशी ना रोटी ना बेटी. कोकणात राहून जात शिकायची राहते होय?

आणि इस्रायल. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्रायल माणसाचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्याची वंशावळ मागे जाता येईल तितकी तपासा. दोन हजार वर्षं शनिवार पाळलेली माणसं, त्यांच्याकडे आजी-पणजीचे दाखले मागितले. जेरुसलेममध्ये लोक धरणं धरून बसले. 1964 साली तिथल्या संसदेने ठराव केला, फर्मान मागे घ्यावं लागलं. मावशी त्यानंतर गेल्या. त्यांना मी एकदा विचारलं होतं, मनात कडू राहिलं नाही का? म्हणाल्या, "राहिलं ना. म्हणून तर इथे इथिओपियाहून लोक आले तेव्हा आम्ही त्यांना आधी घरी चहाला बोलावलं. सगळ्यांनी नाही बोलावलं. पण बोलावलं."

सदोम शहराची गोष्टही वाचली. तलमूदमध्ये ती अशी आहे: भिकारी आला की प्रत्येक जण त्याला नाणं द्यायचा, नाण्यावर आपलं नाव घालून. पण भाकरी कोणी विकायचं नाही. तो उपाशी मेला की ज्याने त्याने आपापलं नाणं परत न्यायचं. एका मुलीने घागरीत लपवून भाकरी नेली, तर तिला मध फासून तटावर उभं केलं, मधमाश्यांनी मारलं. नावानिशी दान देऊन माणूस मारायची ही तऱ्हा वाचून मी पुस्तक मिटलं आणि बाजारात केळी आणायला गेले.

रविवार

सकाळी मिनीडोरने नवगाव. थळच्या पुढे, समुद्राला लागून. परंपरा सांगते की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या खडकांवर एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांचे देह किनाऱ्याला लागले ते इथेच पुरले. पोथ्या बुडाल्या. आठवणीत राहिली ती एकच प्रार्थना, शमा: 'हे इस्राएला, ऐक'. जन्माला तीच, लग्नाला तीच, मरणाला तीच. गावाने त्यांना घाण्यावर काम दिलं, तेल गाळायचं. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. तुम्ही कोण, कुठले, शनिवारी बैल का सोडता, यावरून कोणी त्यांना हाकलल्याचं त्यांच्याच आठवणीत नाही.

भात कधीच कापून झालं होतं. शेतांत उडव्या रचलेल्या, बगळे चरत होते. रूथची गोष्ट अशाच हंगामातली. मवाबातली परकी विधवा, बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून सांडलेली कणसं वेचते. ती काही भीक नव्हे, तिचा हक्क. शेताचा कोपरा कापायचा नाही, सांडलेलं उचलायचं नाही, शेतात पेंढी विसरली तर परत आणायला जायचं नाही. ते परक्याचं, पोरक्याचं, विधवेचं. कोपरा केवढा सोडायचा त्याचंही माप आहे, साठावा हिस्सा तरी. त्या विसरलेल्या पेंढीच्या नियमाने मला रात्रभर जागं ठेवलं. ठरवून तो पाळताच येत नाही. मुद्दाम ठेवली तर ती विसरलेली नव्हे. खरोखर विसरायला लागतं.

दफनभूमी मला सापडेना. एका घरापुढे एक बाई जाळ्यावर सुकट पसरत होती. विचारलं, तर हात झटकून उठलीच. "चला, दाखवते. एकट्या जाल तर चुकाल." माडांमधून नेलं. स्मारकाचा खांब आहे, आसपास झिजलेले दगड आणि उंचवटे. समुद्राचा आवाज अगदी जवळून येत होता. मी रुमाल सोडला, चाळीतला खडा काढला आणि एका दगडावर ठेवला. काय म्हणायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मावशींचं पूर्ण नाव मोठ्याने घेतलं. बाई जरा लांब उभी होती. मग पुढे आली, वाळूतून एक खडा उचलला, पदराला पुसला आणि माझ्या खड्याशेजारी ठेवून नमस्कार केला. मी फोटो काढला.

परतताना म्हणाली, "घोटभर चहा घ्या." मी बसले. चहा आला. मग म्हणे भाकरी होतेच आहे. मग सुक्या बोंबलाचं कालवण, मग भात, आणि वाटीत ओल्या नारळाची वडी, "पोरीने केलीय, चाखून तरी बघा". अब्राहामाने त्या तिघांना 'थोडी भाकर खा' म्हणून बसवलं आणि तीन मापं सपीठ, दही, दूध आणि कोवळं वासरू समोर ठेवलं. सज्जन बोलतात थोडं आणि करतात फार, असा तलमूदने त्यावरून निष्कर्ष काढलाय. या बाईने तलमूद वाचला नव्हता. मी वाचला होता, आणि पर्समध्ये तिच्या पोरीला द्यायला साधं चॉकलेट नव्हतं.

निघाले, तर ती पायात चपला घालून बरोबर. मी म्हटलं, अहो सुकट उन्हात आहे तुमची, कावळे नेतील. म्हणाली, "नेऊ देत. फाट्यापर्यंत येते." ज्यू शास्त्रात याला वेगळं नाव आहे, लेवाया, पाहुण्याला वाटेला लावून देणं. मायमोनिडीस हा मध्ययुगातला ज्यू पंडित तर म्हणतो की जेवू घालण्यापेक्षाही हे मोठं. तोरात असंही आहे की शिवारात अनोळखी माणसाचा खून झालेला आढळला तर जवळच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी हात धुऊन सांगायचं: हे रक्त आमच्या हातांनी सांडलेलं नाही. आता वडीलधाऱ्यांवर खुनाचा संशय कोण घेतंय? त्याचा अर्थ, याला आम्ही उपाशी पाठवलं नव्हतं, एकटं सोडलं नव्हतं.

फाट्यावर बराच वेळ मिनीडोर आली नाही. आम्ही बोललो ते भाताच्या भावाबद्दल आणि तिच्या जावयाच्या नोकरीबद्दल. गाडी आली. तिने ड्रायव्हरला दटावलं, "नीट ने रे, आपल्या पाहुण्या हायत." मी मागच्या जाळीतून पाहिलं, वळण येईपर्यंत तिथेच उभी होती.

अलिबागच्या स्टँडवर बसून मावशींना फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन. आधी रडल्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "काळा तुझा कळला. त्याच्या शेजारी तो पांढरा कुणाचा गं?"

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.